माझा स्टुडिओ आणि चिपाचा वास

सांगून ठेवते, घराला खोली कशी जोडावी हे अख्ख्या अरेग्वा गावात फक्त मला कळतं! गाव कुंभारांचं, पण सगळे आपले अंगणात चिखल तुडवत बसलेले. मी म्हटलं, आपल्याला स्टुडिओ हवा! नकाशाही मीच काढला. रस्त्याच्या बाजूला उजेडासाठी रुंद खिडकी, खिडकीत माठ वाळवायला लांब ओटा, मागे विटांची घुमटासारखी भट्टी. बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत!

बांधकाम मार्गी लागलं आणि मी चांगली माती आणायला माहेरी गेले. परत येते तर सासूबाई डोळे पुसत दारातच.

"सूनबाई, माझ्यासाठी आजवर कुणी वीटसुद्धा रचली नव्हती गं! आणि तू चिपाचे पाव भाजायला भट्टी बांधलीस! शिवाय विकायला खिडकी!"

मी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "अनिबाल, हे काय?"

"अगं, गवंड्याने विचारलं, घुमट कशाला? मी म्हटलं, भाजायला. आईने ऐकलं."

"मग सांग ना त्यांना, माठ भाजायला म्हणून!"

"आनंदाने रडतेय ती. तूच सांग."

पळपुटा!

मी तावातावाने आत गेले, तर माझी कोरी करकरीत भट्टी पेटलेली! आत चीज घातलेली चिपाची गोल कडी टम्म फुगताहेत आणि खिडकीशी ही रांग!

"ओ बाई, मध्ये घुसू नका!" कुणीतरी मलाच सुनावलं. माझ्याच स्टुडिओत!

नेमक्या तेव्हाच असुन्सिऑनच्या कलादालनाच्या बाई माझं काम बघायला टपकल्या. त्यांना आवडलं तर थेट राजधानीत प्रदर्शन! मी सगळ्यात मोठ्या माठावरचं फडकं काढतेय, तोच मागून आवाज आला, "अप्रतिम! काय रंग! काय गोलाई! हातात जादू आहे हो!"

मी लाजले. "आजीकडून शिकले."

"अय्या, म्हणजे चिपा तुम्ही करता?"

वळून बघते तर बाईंचे दोन्ही गाल भरलेले!

माझा माठ त्यांनी विकत घेतला म्हणा. चिपा न्यायला दुसरं भांडं नव्हतं!

गर्दी पांगल्यावर मी पदर खोचल्याच्या आवेशात सासूबाईंना जाब विचारायला गेले. तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात गरम चिपा कोंबला. मी रागाने चावला. मग रागानेच दुसरा मागितला.