धनीरामची ढाल

त्या रविवारी दुपारी आंधळगावात लाइट गेली नसती, तर धनीराम टीव्हीसमोरून उठला नसता आणि पुढचं रामायण टळलं असतं. (पण लाइट गेली. रविवारचा मुहूर्त ती सहसा चुकवत नाही.) पुण्याहून सुटीवर आलेली लेक चंदा ओसरीत फासे घेऊन बसली होती. 'पाच मिनिटं बसू,' असं म्हणून धनीराम तिच्यापुढे टेकला.

खेळ अजब होता. ना पट, ना सोंगट्या. चंदाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कोणाचं जमलं, कोणाचं फसलं, ते फाशाने ठरवायचं. धनीरामची बायको बेबीबाई कधीचीच तलवारवाली होऊन बोडीतल्या, म्हणजे गावच्या लहान तळ्यातल्या, राक्षसाशी झुंजत होती. धनीरामच्या वाट्याला ढाल आली.

"बाबा, तुमचं एकच काम," चंदा म्हणाली. "राक्षसाचा वार आईले लागला का तुमी मंधात ढाल घालाची. पण मी 'वार लागला' म्हणलं, का किती लागला ते सांगाच्या आंधी 'ढाल' म्हणा लागते. अन् एका फेरीत एकच बार."

धनीराम गावच्या सहकारी सोसायटीतला कारकून. नियम न समजता मान डोलवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. चंदाने ते ओळखलं.

"पंगतीत कसं करता? वाढणाऱ्यानं पळी उचलली का हात आडवा करता ना? उचलाच्या आंधीच केला त त्याचा अपमान. पळी वाकल्यावर केला त हातावर रस्सा. तसंच हाय हे."

जेवणाचा दाखला निघाल्यावर सगळं लख्ख समजलं. राक्षसाने शेपटी फिरवली. "वार लागला," चंदा म्हणाली. धनीराम विचारात पडला. ढाल आताच खर्चावी, की मोठ्या वारासाठी राखावी?

"आई, तुह्या हातातली तलवार उडाली."

"ढाल," धनीराम म्हणाला.

"बाबा, वेळ गेली."

पुढच्या फेरीत तो डोळ्यांत तेल घालून बसला. चंदाने नुसतं सांगितलं की बोडीच्या बांधावर काहीतरी हललं, आणि धनीरामने ढाल घातली. तो बेडूक होता. फेरीतली ढाल बेडकावर संपली आणि पाठोपाठ राक्षसाने बेबीबाईला चिखलात पालथं पाडलं.

बेबीबाई चिडली नाही. वालाच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "चंदा, तुह्या बाबाची ढाल मले नवी नाही. बाई मले सैपाकावरून बोलते, तवा हे आपल्या ताटात पायतेत. अन् बाई अड्याळले पोचली का मंग मले म्हणतेत, 'तिनं असं बोलाले नोको होतं.'"

बाई म्हणजे शकुबाई, अड्याळला दिलेली धनीरामची थोरली बहीण. बायकोचं बोलणं त्याला लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्तच लागलं. बेबीबाईवर त्याचा जीव होता. तो वेळेवर दाखवता मात्र आला नव्हता. पुढच्या रविवारी शकुबाई जेवायला येणार होती. या खेपेला आपण मध्ये पडायचंच, असं त्याने ठरवलं.

आठवडाभर सराव चालला. सोसायटीत सचिव तिथल्या शिपायावर, चंद्रकुमारवर, डाफरले, तसा धनीराम ताडकन उभा राहिला. (पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून पंखा लावून खाली बसला. पण वेळ बरोबर साधली होती.)

रविवारी शकुबाई आली. बेबीबाईने लाखोरीच्या डाळीचे वडे आणि रस्सा केला होता. शकुबाईने वडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले. धनीरामचा घास तोंडातच राहिला.

"बेबी," शकुबाईने सुरुवात केली, "इतक्या वर्षांपासून मी पाहून राहिली, तुह्या हातचे वडे..."

"बाई, बस झालं." धनीराम ताटावरून अर्धा उठलाच. "तिले एक शब्द बोलाचा नाही. जे बोलाचं असन ते मले बोल."

शकुबाईने हातातला अर्धा वडा ताटात ठेवला.

"मी म्हणून राहिली होती," शकुबाई सावकाश म्हणाली, "का असे वडे आमच्या अड्याळात कोणाले जमत नाही."

"बाबा," चंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "पळी उचललीच नोयती."

धनीराम खाली बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बेबीबाई त्याच्याकडे बघत होती, आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. तिने न विचारता त्याच्या ताटात आणखी एक वडा टाकला. चुकलं तर चुकलं, त्याला बरं वाटलं.

शकुबाई मात्र भावाने दिलेला शब्द वाया जाऊ देणाऱ्यातली नव्हती. "बरं, तुलेच बोलतो. हे पोट कायले एवढं सोडलं? अन् हा सदरा हाय का गोणपाट?"

"बाई, अन् ओला टावेल," बेबीबाई हळूच म्हणाली. "रोज गादीवर फेकतेत."

"लहानपणापासून हेच. आमची माय थकली सांगून सांगून."

"घोरणंही तवापासूनच काय?"

शकुबाईने ताट उचललं आणि भावजयीशेजारी जाऊन बसली. पुढचं जेवण दोघींनी अगदी मन लावून केलं. नणंद-भावजयीचं एवढं हसणं त्या घराने ऐकलं नव्हतं. हात धुऊन दोघी खाटेवर टेकल्या आणि धनीरामच्या लहानपणापासूनच्या खोडी पुढे चालू झाल्या. आपल्या पराक्रमाचं फळ जवळून पाहावं म्हणून धनीराम सुपारीचं तबक घेऊन दोघींच्या मधल्या जागेत बसायला गेला.

"तू आमच्या मंधात कायले घुसून राहिला?" शकुबाई म्हणाली. "तिकडं जाऊन बस. अजून तुह्या लग्नापर्यंत पोचलो नाही."