मित्राचा रोहू

मुलाचं लग्न बारा दिवसांवर आलं असताना भवतोष सामंतांच्या रोहूच्या अंगावर एक लाल डाग दिसला आणि घरातल्या पत्रिका, फराळ, वाजंत्री सगळं बाजूला पडलं. कारण रोहू साधासुधा नव्हता. बंगाली लग्नात हळदीच्या सकाळी मुलाकडून मुलीकडे मासा जातो, साडी नेसून, नाकात नथ घालून, तोंडात पान धरून, तो मान या रोहूचा होता. साखरपुड्याच्या दिवशी व्याह्यांसमोर भवतोषबाबू बोलून बसले होते, "सात किलोचा, घरच्या तळ्यातला. आंध्राचा बर्फातला मासा आमचा उंबरा ओलांडत नाही." कोणी विचारलं नसताना हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

डाग दिसताच त्यांनी हरिपद कोळ्याला बोलावून रोहू तळ्यातून काढवला आणि अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत, नळाच्या काचेसारख्या पाण्यात सोडला. तळ्यात रोवलेल्या बांबूला घासला असेल, जाईल आपोआप, असं हरिपद म्हणाला. पण फुकटच्या सल्ल्यावर भवतोषबाबूंचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी बाजारातून एक बाटली आणली. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण सगळ्या जंतूंचा नायनाट करतात, असं तिच्यावर छापलं होतं. चांदी म्हटल्यावर शंका कसली? त्यांच्या या मुलाला, बुबाईला, उष्टावणाचा पहिला भात चांदीच्या वाटीतून भरवला होता आणि तो थेट बँकेत लागला होता. टाकीला एक टोपण पुरे, असंही बाटलीवर होतं. सात किलोच्या माशाला टोपणभर औषध त्यांना अपमानास्पद वाटलं. त्यांनी अर्धी बाटली ओतली.

दुसऱ्या दिवशी रोहू पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. रोग बळावला, असं ठरवून भवतोषबाबूंनी उरलेली अर्धीही ओतली. दुपारी रोहू एका कुशीवर कलला.

"तोर्शाला फोन करा," बायको सुलेखा म्हणाली. होणारी सून मत्स्य कॉलेजात माशांच्या रोगांवरच काम करत होती.

"तिच्या मानाचा मासा, आणि तिलाच विचारू की बाई गं, हा मरतोय, काय करू?"

शेवटी त्यांनी मेहुण्याचा, गोपेनचा फोन घेतला, तोंडावर गमछा धरला आणि आवाज घोगरा केला. आपण बशीरहाटहून बोलतोय आणि आपल्या एका मित्राचा मासा आजारी आहे, असं त्यांनी सांगितलं. तोर्शाने पाणी कुठलं, औषध कुठलं, सगळं विचारून घेतलं.

"मित्राने किती टाकलं?"

"अगदी थोडं. एक बाटली."

"काका, मासा आजारी नाही. ते कण त्याच्या कल्ल्यांवर बसलेत, श्वास कोंडलाय त्याचा. स्वच्छ पाण्यात तर ते जास्तच बाधतात. आत्ताच्या आत्ता त्याला तळ्यातल्या गढूळ पाण्यात सोडा. आणि टाकीतलं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका."

"आणि मित्राच्या घरी... समजा, लग्न असेल तर?"

"मित्राला म्हणावं, तो मासा कुणाला खाऊ घालू नका. निदान सहा महिने."

रोहू तळ्यात परतला. चौथ्या दिवशी तो शेपटी आपटून खोल गेला तेव्हा भवतोषबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण व्याह्यांकडे काय पाठवायचं? हळदीच्या पहाटे गोपेन मागच्या दाराने आंध्राचा सात किलोचा रोहू घेऊन आला. सुलेखाने त्याला लाल साडी नेसवली आणि पदर डोळ्यांवरून चांगला खाली ओढला.

गोपेनच तो पोहोचवायला गेला आणि परत येऊन घाम पुसत बसला. तिथे मुलीच्या मावशीने पदर वर करून कल्ला दाबला होता आणि चारचौघांत म्हणाली होती, हा तर बर्फातला. तेव्हा हळदीने माखलेली तोर्शा पाटावरूनच म्हणाली, "मावशी, मीच कळवलं होतं त्यांना, तळ्यातला पाठवू नका म्हणून."

"तिने कधी कळवलं आपल्याला?" भवतोषबाबूंनी विचारलं. सुलेखाने गोपेनचा फोन उचलून त्यांच्या हातात ठेवला.

लग्न झालं. रिवाजाप्रमाणे नव्या सुनेने सासरच्या मंडळींना पहिला भात वाढला. सासऱ्यांच्या पानाशी ती वाकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या मित्राचा रोहू कसा आहे?"

भवतोषबाबू भात कालवू लागले. "हिंडतोय तळ्यात," ते म्हणाले. "डागही गेला. मित्र मात्र फार शरमलाय."

"मग मित्राला एक तुकडा जास्त वाढते," तोर्शा म्हणाली. "आंध्राचाच आहे, चालेल ना?"

भवतोषबाबूंनी मुकाट्याने पान पुढे सरकवलं.