पान बारा

"तो डबा घरी ठेव," आत्माराम म्हणाले.

मनोरमाबाई करंज्यांचा डबा घेऊन गाडीत चढत होत्या. राजोडीला त्यांच्या भावाची मुलगी पूर्वी हिचा साखरपुडा होता. मुहूर्त अकरा दहाचा.

"का? वहिनीनं मुद्दाम मागवल्यात."

"इंजिन नवं आहे. पहिले हजार किलोमीटर जास्त ओझं नको, पन्नासच्या वर वेग नको आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही. पुस्तकात छापलंय. पान बारा."

"मग मीही उतरते. मी काय करंज्यांपेक्षा हलकी आहे?"

आत्मारामांनी यावर क्षणभर खरंच विचार केला. तो क्षण मनोरमाबाईंनी पाहिला. त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या.

आत्माराम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. चंदनसारच्या त्यांच्या सोसायटीत डिझेलची पहिली गाडी त्यांचीच. मर्यादा पन्नासची, म्हणून ते खात्रीसाठी तीसने चालवत. निर्मळच्या पुढे रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना वाड्यांची कुंपणं. मागे एक टेम्पो, दोन रिक्षा आणि एसटी अडकली. हॉर्नचा कल्लोळ झाला. एका वळणावर गाडी आणखी हळू झाली, तसा एसटीचा ड्रायव्हर उतरून चालत पुढे आला. चालत आला, तरी त्याने गाडी गाठली.

"काका, पुढं मयत चाललंय का?"

आत्माराम भडकले. त्यांनी गाडी थांबवली. थांबवली म्हणून नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. मग भर रस्त्यात उभं राहून पान बारा मोठ्याने वाचून दाखवलं.

"लोकांना इंजिनाची काही कदर आहे का?" ते गरजले.

"अहो, चला हो!" मनोरमाबाई आतून ओरडल्या.

राजोडीला पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मांडवात सगळे खोळंबले होते. मुहूर्त टळला होता, कारण गुरुजीच आले नव्हते.

"काय हा बेजबाबदारपणा!" आत्माराम म्हणाले. "वेळ पाळता येत नाही तर कामं घ्यावीत कशाला?"

तेवढ्यात एका रिक्षातून गुरुजी घामाघूम उतरले. त्यांनी थेट आत्मारामांकडे बोट केलं.

"यांच्याच मागे अडकलो होतो. पान बारा आता मलाही पाठ आहे."

मनोरमाबाईंचे भाऊ हरिभाऊ तावातावाने पुढे आले. "भावोजी, माझ्या पोरीचा मुहूर्त घालवलात!"

"मुहूर्त दुसरा निघेल, हरिभाऊ. इंजिन दुसरं मिळेल का?"

दुसरा मुहूर्त चारचा निघाला. तोवर आत्मारामांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. या जगात नियमाने वागणाऱ्याची हीच किंमत, असं म्हणत ते गाडीतच बसून राहिले.

हजार किलोमीटर पुरे झाले त्याच आठवड्यात गाडी निळा धूर सोडू लागली आणि ऑइल भसाभस कमी होऊ लागलं. आत्माराम मनोरमाबाईंना घेऊन तडक फर्डिनंडच्या गॅरेजात गेले. वीस वर्षं तो डिझेलच्याच गाड्या दुरुस्त करत होता.

"फसवणूक आहे ही! नवी गाडी आणि ऑइल खाते?"

फर्डिनंडने बॉनेट उघडून पाहिलं. "चालवता कशी?"

"तीसने. एकतीसने कधीच नाही. बाई सोडल्या तर ओझंही नाही."

मनोरमाबाईंनी मान दुसरीकडे फिरवली.

"मग कसं होणार, काका? पिस्टनच्या रिंगा घासून नीट बसल्याच नाहीत, म्हणून ऑइल जळतंय. डिझेल इंजिनाला जरा दमवायला लागतं. वेग कमी-जास्त करायचा, माणसं बसवायची, चढाला न्यायची. पुस्तकात आहे की. पान तेरा."

आत्मारामांनी पान बाराच्या शेजारचं पान पाहिलं. होतं.

"हे वेगळ्या पानावर का छापलंय?" ते ओरडले. "पान बारावरच नको का?"

पुढचे दोन रविवार हरिभाऊंचं अख्खं कुटुंब गाडीत कोंबून ते तुंगारेश्वरच्या बाजूच्या चढांवर फिरले. हरिभाऊंचा राग निवळला, धूरही कमी झाला. आत्मारामांचा संताप मात्र कायम होता. त्यांनी कंपनीला तीन पानी निषेधपत्र लिहिलं आणि ते पोस्टात टाकायला गाडी काढली.

मनोरमाबाई गॅलरीत उभ्या होत्या. आत्मारामांची गाडी तीसने आली की डोळासुद्धा न उघडणारी कोपऱ्यावरची कुत्री त्या दिवशी पहिल्यांदा उठून पळाली.