स्टिअरिंग ढिलं आहे

फाटकाच्या खांबाला पिकअप घासली तेव्हा गाडीत काकू एकट्याच होत्या, म्हणजे दोष कुणाचा हा प्रश्न खरं तर पडायलाच नको होता. पण काकू सावकाश खाली उतरल्या, मडगार्डवरचा ओरखडा बोटानं पुसून जातो का ते पाहिलं, आणि घरातून धावत आलेल्या मुलाला म्हणाल्या, "स्टिअरिंग ढिलं आहे."

"मागच्या आठवड्यातही ढिलंच होतं?"

"तेव्हापासूनच होत असणार. एका दिवसात होतं का असं?"

मुलगा खांबाकडे बघत राहिला. पांढऱ्या खांबावर आधीचा एक हिरवा पट्टा होताच, त्याच्या जरा वर आता दुसरा उमटला होता. त्या घरात हिरव्या रंगाची दुसरी कुठलीच गाडी नव्हती.

पिकअप मुलापेक्षा वयानं मोठी. काकांनी ती घेतली तेव्हा मुलगा अजून पोटात होता, आणि काकू त्या अवस्थेत गाडी चालवायला शिकल्या, कारण पोट आडवं येईपर्यंतच शिकता येईल असा काकांनी हिशेब केला होता. पुढे दोघांनी मिळून पडदे शिवायचा धंदा केला. काका गेल्यावरही काकू पडदे शिवत राहिल्या आणि घरोघर पोचवत राहिल्या. त्या गाडीचं स्टिअरिंग काकूंशिवाय दुसऱ्या कुणी धरायचं नाही, असा नियम होता. तो काकूंनीच केला होता, पण काका गेल्यानंतर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की तो काकांचा आहे. त्यामुळे तो मोडायची कुणाची छाती होत नसे.

"आई, एक हॉटेलवाला गाडी मागतोय," मुलगा त्या दिवशी जेवताना म्हणाला. "दारात उभी करणार आहे. शोभेला. मागच्या हौद्यात माती भरून फुलझाडं लावणार."

"माती भरून?"

"रंगबिंग देऊन छान ठेवेल गं. हे बघ, गाडीत बिघाड असेल तर आपण दुरुस्त करू. पण नसेल तर..."

वाक्य अर्ध्यावर सोडायची सवय त्याला वडिलांकडून आली होती. आणि उरलेलं अर्धं काकूंना तेव्हाही ऐकू यायचं, आताही आलं. गाडीत खोट नसेल तर ती काकूंत आहे. तसं असेल तर गाडी हॉटेलच्या दारात उभी राहील आणि काकू घराच्या दारात बसतील. फरक इतकाच, की काकूंवर कुणी फुलझाडं लावणार नाही.

तेव्हापासून काकूंना गाडीत बिघाड हवाहवासा वाटू लागला. इतकी वर्षं गाडीत काही निघू नये म्हणून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. आता काहीतरी निघू दे, बारीकसं का होईना, म्हणून होऊ लागला.

मेकॅनिक आला. चांगला दणकट, दारातून आत यायचं तर जरा तिरका होऊन यायचा. त्यानं जमिनीवर पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकला.

"काकू, स्टिअरिंग नुसतं डावी-उजवी हलवा," खालून आवाज आला. "थोडंसंच."

"हलवलं."

"हलवा ना."

"हलवतेच आहे मी. तुला दिसत नाही का?"

"तेच बघतोय. तुम्ही हलवलं की चाकं लगेच हलतात. मधे कुठला सांधा वेळ खात असेल तर तिथे ढिलं. इथे कुणीच वेळ खात नाही."

"नीट बघ. जुनी गाडी आहे."

"जुनी आहे, पण काकांनी काय ठेवलीय."

"काका जाऊन सात वर्षं झाली. आता मी ठेवते."

"मग तुम्ही छान ठेवलीय. सगळं घट्ट आहे."

एरवी या कौतुकानं काकूंनी त्याला दुसरा चहा दिला असता. आता त्यांना नापास झाल्यासारखं वाटलं. "तू शेजारी बस, मी चालवून दाखवते," त्या म्हणाल्या. मेकॅनिक त्या आडव्या सलग सीटवर बसला. काकूंनी सीटला नवीन कव्हर शिवलं होतं, सोफ्याच्या उरलेल्या जाड कापडाचं, खाली पायापर्यंत झालर सोडलेलं. त्याचंही त्यानं कौतुक केलं. गाडी फाटकातून निघाली, चौकाला वळसा घालून परत आली. पट्टीनं आखल्यासारखी सरळ. काकूंनी दोनदा मुद्दाम हात सैल सोडले, तरी गाडीनं साथ दिली नाही.

चहा पिताना मेकॅनिक त्यांच्या शिवणाच्या टेबलाशी उभा राहिला. बेतायला पसरलेलं कापड सरकू नये म्हणून त्याच्यावर दोन जाडजूड बोल्ट ठेवले होते. त्यातला एक त्यानं हातात घेऊन फिरवला.

"जुना माल. असा बोल्ट आता मिळायचा नाही. जपून ठेवा."

"कापडावर ठेवायला बरे पडतात," काकू म्हणाल्या.

शेवटी त्यांचं तोंड उतरलेलं बघून त्यानं पुढच्या चाकाचा एक सांधा बदलून दिला. "तुमच्या समाधानासाठी," तो म्हणाला, आणि ते त्यानं म्हटलं नसतं तर समाधान झालंही असतं.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्या निघाल्या. कोपऱ्यावर वळताना गाडी अशी काही बाहेर गेली की निवृत्त बसड्रायव्हर शेजाऱ्याचा कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा झाला. काकूंना ते कळलं नाही. बाजारात लोक वळून वळून बघायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, सांधा बदलल्यामुळे गाडी ऐटीत चाललीय. घरी आल्यावर दिसलं की बाहेरच्या आरशाला शेजाऱ्यांचं बनियन गुंडाळलेलं आहे.

बनियन परत न्यायला शेजारी आले ते निदान घेऊनच आले. "स्टिअरिंगचा बॉक्स गेलाय. मी आवाजावरून सांगतो. तीस वर्षं बस चालवलीय."

"बघा, मी म्हणत नव्हते?" काकूंना त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटू लागला.

"चला, एक फेरी मारू."

शेजारीही वजनदार गृहस्थ. ते शेजारी बसले आणि गाडी पुन्हा शाळेतल्या हुशार मुलीसारखी वागली. शेजारी कान लावून बसले होते. परत आल्यावर ते आपलं बनियन घडी करत म्हणाले, "आवाज तर नाही आला."

हे सगळं मुलगा ओट्यावरून बघत होता. "आई, एक लक्षात आलं का? कुणी बरोबर असलं की गाडी नीट चालते. तू एकटी असलीस की..."

याही वाक्याचं उरलेलं अर्धं काकूंना ऐकू आलं.

शुक्रवारी हॉटेलवाला टेप घेऊन हौदा मोजायला आला. माणूस खरोखरच चांगला निघाला, त्यामुळे काकूंना त्याचा नीट रागही करता येईना. "हॉर्न वाजतो ना?" त्यानं विचारलं. "येणाऱ्यांची मुलं वाजवतील." रविवारी गाडी न्यायचं ठरलं.

शनिवारी शेवटचे पडदे पोचवायचे होते. काकू किल्ली घेऊन निघाल्या तर पायरीवर वन्सं तयार होऊन उभ्या. काकांची ही धाकटी बहीण मागच्या खोलीत राहायची. अंगानं इतकी काटकुळी की जोराचा वारा असला तर मुलगा तिला गच्चीवर जाऊ द्यायचा नाही.

"मी पण येते, वहिनी. शेवटची फेरी आहे."

"बसा. पण बोलू नका. माझं लक्ष जातं."

वन्सं कोपऱ्यापर्यंत बोलल्या नाहीत. कोपऱ्यावर म्हणाल्या, "वहिनी, सीट वळतेय की मी?"

"वळण आहे, वन्सं. सगळंच वळतंय."

"वळण संपलं गं. मी अजून येतेच आहे."

काकूंनी मान वळवून पाहिलं. सीटचं पलीकडचं टोक वन्संसकट दारापासून निघून गिअरच्या दिशेनं चाललं होतं. आणि सीटबरोबर काकूही फिरत होत्या, काकूंबरोबर त्यांचे हात, आणि हातांबरोबर स्टिअरिंग. त्यांनी ब्रेक दाबला. वन्संनी खाली उतरून झालर उचलली, आणि बराच वेळ वाकून आत बघितलं.

"इथे दोन भोकं आहेत. रिकामी. तुझ्या बाजूला बोल्ट आहेत, माझ्या बाजूला नाहीत. असायला हवे होते का?"

कव्हर घालायला काकूंनी सीट स्वतःच्या हातानं खोलली होती, स्वतःच्याच हातानं परत बसवली होती, आणि काम झाल्यावर दोन बोल्ट उरले होते. तेव्हा त्या कौतुकानं म्हणाल्यासुद्धा होत्या, पूर्वीचे कारखानदार किती सढळ हाताचे, लागतात त्यापेक्षा दोन जास्तच घालायचे. मेकॅनिक बसला, शेजारी बसले, तेव्हा त्यांच्या वजनानं ते टोक दाबून धरलं होतं. काकू एकट्या असल्या की ते मोकळं सुटायचं.

"सापडलं म्हणजे," वन्सं म्हणाल्या. "चल, मुलाला सांगू."

"थांबा जरा."

काकूंचा विचार लांबवर गेला होता. गाडीत बिघाड आहे हे सिद्ध झालं, पण तो कुणी केला हेही झालं. आईचे हात म्हातारे झाले म्हणून जी गाडी जाणार होती, ती आता आईचं डोकं म्हातारं झालं म्हणून जाईल.

वन्संना हे सांगावं लागलं नाही. त्या परत सीटवर बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "दादानं तुला शिकवलं. मला म्हणाला, तुझे पाय पोचत नाहीत. मी तेव्हा पंचविशीची होते, वहिनी. पाय पोचत होते."

"मला कुठे बोलले होते ते असं?"

"तुला कशाला बोलेल? तुझ्या हातात स्टिअरिंग होतं." मग जरा थांबून, "मी कुणाला काही सांगणार नाही. फक्त मला शिकव."

"नियम आहे, वन्सं."

"नियम कुणी केलाय ते मला माहितीय. मी त्याच घरात होते."

दोघी घरी येऊन बोल्ट आणि पाना घेऊन पुन्हा कोपऱ्यावर गेल्या. काकूंनी सीटखाली हात घालून बोल्ट पिळले, वन्संनी टॉर्च धरला आणि तो काकूंच्या डोळ्यांवर मारला. संध्याकाळी मुलाच्या देखत काकू एकट्या फाटकातून बाहेर गेल्या, आत आल्या, मग उलट्या बाहेर गेल्या. खांबाला धक्का नाही.

"नवा सांधा बसायला चार दिवस लागतातच," मेकॅनिक फोनवर म्हणाला. शेजाऱ्यांचं म्हणणं, त्यानं गुपचूप बॉक्सच घट्ट केला असणार. मुलानं हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि आईजवळ येऊन बसला. शिवणाच्या टेबलावरून कापड सरकून खाली पडलं.

"इथे दोन बोल्ट असायचे ना?" त्यानं विचारलं.

"कसले बोल्ट?" वन्संनी विचारलं.

शिकवणी सोमवारपासून सुरू झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकू पलीकडच्या बाजूला बसल्या. त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहिला. "हळू, वन्सं. खांब बघा. खांब."

"बघतेय गं. बोलू नकोस. माझं लक्ष जातं."

आवाज फार मोठा नव्हता. मुलगा घरातून धावत आला तोवर वन्सं सावकाश खाली उतरल्या होत्या. त्यांनी मडगार्डवरचा ओरखडा बोटानं पुसून जातो का ते पाहिलं.

"स्टिअरिंग ढिलं आहे," त्या म्हणाल्या.

मुलानं आईकडे पाहिलं. सीट घट्ट होती, सांधा नवा होता, खांबावर तिसरा हिरवा पट्टा ताजा होता. काकूंनी झालर नीट केली.

"आहे खरं," त्या म्हणाल्या. "मी तर कधीपासून सांगतेय."