बसप्पाशेठचं इंग्रजी विशेषण

गोपाळकृष्ण सरांच्या इंग्रजीत येरमाळ्यात तीस वर्षांत कुणी चूक काढली नव्हती. काढणार कोण! रिटायर झाले, तरी कुणाचाही बॅनर लागायचा म्हटलं की नावाआधीचं विशेषण सरांकडूनच यायचं.

व्यापारी संघटनेची निवडणूक तोंडावर आली आणि किराणावाले बसप्पाशेठ सरांकडे आले. "सर, कार्यसम्राट, दमदार हे लई झालं. तालुक्यात कुणाला नसंल असं इंग्रजी द्या!"

सरांनी वडिलांच्या वेळची डिक्शनरी झटकली. "घ्या! एग्रीजियस! म्हणजे चारचौघांत उठून दिसणारा!"

दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर वीस फुटी बॅनर झळकला. अख्खा बाजार मान वर करून इंग्रजी अक्षरं लावायचा. अर्थ मात्र कुणी विचारीना. विचारलं की आपलं अडाणीपण चव्हाट्यावर! "शेठ पयल्यापासून तसेच हाईत," म्हणत जो तो पुढं सटकायचा.

गप्प बसली नाही ती फक्त शिवप्रिया, शेठची सून. तिनं सरळ मोबाईलमध्ये पाहिलं. "मामा, याचा अर्थ महावाईट!"

बसप्पाशेठ तडक सरांच्या दारात! सरांनी घाईघाईनं डिक्शनरी पुढं ओढली. तीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती.

"शेठ, तो आजचा अर्थ झाला. जुना अर्थ चांगलाय हो! कळपातून उठून दिसणारा!"

"मेंढरांच्या कळपात उठून कोण दिसतंय, सर? लांडगाच की! उद्या बॅनर खाली!"

शेठ गेले नाहीत तोच त्यांचे विरोधक, भांडीवाले उत्तरेश्वर हजर. "सर, बसप्पाला येवढं भारी दिलंत, मला का न्हाय?"

सरांनी हात जोडले. "अहो, त्याचा अर्थ फार वाईट आहे!"

"मला गंडवता व्हय? बसप्पाला चालतंय, मग मी काय कमी हाय का? महा लावा म्होरं!"

सकाळी शेठच्या बॅनरसमोरच तीस फुटी 'महाएग्रीजियस उत्तरेश्वर'! सरांनी भीतभीत शेठना फोन लावला. "तुमचा उतरवताय ना?"

"उतरवू? लोक म्हणतील बसप्पा भ्याला! मला अखिल मराठवाडा लावा!"

सरांची अब्रू वाचली! आठवडाभर ते छाती काढून हिंडले.

मग आली त्यांची एकसष्टी. माजी विद्यार्थ्यांनी गुपचूप शाळेसमोर बॅनर लावला. 'आमचे परमपूज्य एग्रीजियस गुरुजी.' सर घाम पुसत धावले. काढा म्हणावं, तर कारण सांगावं लागणार! तेवढ्यात सगळे पाया पडले.

"सर, बरोबर हाय ना?"

सरांनी घसा खाकरला.

"स्पेलिंग बरोबर आहे."