आहे तशी सायकल

"बाबा, सायकल आहे तशीच द्या हं, काही करू नका," असं सून गौतमीनं तीनदा बजावलं, आणि तिथंच घोळ झाला. कोंडीबाच्या घरात पाहुणा ‘नको, नको’ म्हणाला की ताटात आणखी एक भाकरी पडते. सूनबाई भिडस्त आहे, असं त्यानं धरून चाललं.

गौतमी भुकूममध्ये रस्त्याकडेला जुन्या पुण्याच्या थाटाचा कॅफे काढत होती. पत्र्याच्या जुन्या जाहिराती, नक्षीच्या फरशा, वेताच्या खुर्च्या, सगळं जमलं होतं. दारासमोरची मोक्याची जागा तिनं सासऱ्यांच्या सायकलीसाठी राखली होती. पुण्यात कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली व्हायच्या, त्या काळातली ही. चेनकव्हरवर लग्नाच्या आठवड्यात पेंटरकडून पिवळ्या रंगात लिहून घेतलेलं ‘रत्ना’. मागचं कॅरियर वाकलेलं, कारण त्याच्यावर बसून रत्नाबाईनं अख्खं पुणं डबलसीट पाहिलं होतं, चौकाचौकात पोलिसाला भिऊन उतरत.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं. चार लोकांत असलं गंजकं ध्यान पाठवायचं म्हणजे लेकीला फाटक्या लुगड्यात सासरी धाडण्यासारखंच. कोंडीबानं पॉलिश पेपर घेतला. गंज निघाला, त्याच्याबरोबर रंगही निघाला. म्हणून गेटचा उरलेला हिरवा ऑइलपेंट लावला. हिरव्यापुढं चामड्याची सीट केविलवाणी दिसू लागली, म्हणून झालरवाली रेक्झिनची आली. वाकडं कॅरियर तेवढं डोळ्यांत खुपत होतं, ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. नाव पुन्हा लिहायला पिरंगुटात पेंटर मिळेना. रेडियमच्या दुकानात ‘रत्ना’ तयार नव्हतं, ‘आईचा आशीर्वाद’ होतं. तेच चिकटवलं.

"बाबा, हे काय केलंत!"

"आवडली न्हवं?"

गौतमीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठं कोंडीबाला कळलं, की हिचं ‘नको’ खरंच ‘नको’ होतं.

शेवटी मुलगा शेखर धावला. शूटिंगला सामान पुरवणाऱ्या एकाकडून त्यानं मुद्दाम गंजवलेली कोरी सायकल आणली आणि तिच्यावर ‘रत्ना’ लिहून घेतलं. उद्घाटनाला लोकांनी कोंडीबाला तिच्याशेजारी उभं करून फोटो काढले.

"आजोबा, किती आठवणी असतील ना हिच्या!"

कोंडीबा चोरासारखा हसला. तेवढ्यात रत्नाबाईनं चष्मा लावून नाव वाचलं.

"अवो, ही रत्ना कोन?"

कोंडीबा बाहेर आला. भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकलीचा हिरवा रंग तो नखानं खरवडू लागला. खाली नुसता पत्रा होता. आपल्या हातानं आपण काय घालवून बसलो, या विचारानं त्याला फार वाईट वाटलं.

"ऱ्हाऊ द्या आता," मागून रत्नाबाई म्हणाली. "दमली मी. चला, घरला सोडा डबलसीट. आता पोलीसबी न्हाई कुटं."

कोंडीबानं घाईघाईनं सायकल वळवली. रत्नाबाई पदर खोचून मागं गेली आणि थांबली.

"बसू कुटं?"

त्यानं एका हातानं हँडल धरलं, आणि दोघं घरापर्यंत चालत गेली.