दामूभाऊंची डावखुरी गाडी

सकाळी नऊ वाजता दामूभाऊ धकाते फाटकात उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारत, "काही काम हाय का बर्डीवर?" बर्डी म्हणजे नागपूरचा मोठा बाजार. माणूस चुकून "हो" म्हणाला की त्याला गाडीत बसवत, तेही पुढे, उजवीकडे. मागे बसायची कुणाला परवानगी नव्हती.

कारण गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. दामूभाऊ खापरखेड्याच्या पॉवर हाउसातले फिटर. तिथून ते कुवेतला गेले आणि आठ वर्षांनी परतले ते तिथं वापरलेली स्वतःची गाडी बोटीत घालून. परत येणाऱ्याला आपली जुनी गाडी जकात भरून आणता येते, हा नियम त्यांना कलमासकट पाठ होता. आमच्या नंदनवन वस्तीत तेव्हा स्कूटरवाल्यालाही लोक वाट करून देत. तिथं ही लांबलचक पांढरी गाडी म्हणजे अख्ख्या गल्लीचं कौतुक होतं.

डाव्या कडेला बसलेल्या दामूभाऊंना पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नसे. म्हणून उजवीकडच्या माणसानं मान बाहेर काढून "जा" किंवा "थांबा" सांगायचं. मी समोरच राहणारा, शाळेत गणित शिकवणारा, त्यामुळे बहुतेकदा मीच सापडत असे. एकदा माझं लक्ष भलतीकडे होतं आणि मी "जा" म्हणालो. समोरून कडब्याची बैलगाडी येत होती. अर्धा कडबा आमच्या मांडीवर आला. माझ्या केसांतल्या काड्या काढत दामूभाऊ म्हणाले, "लोड नका घेऊ, मास्तर." पॉवर हाउस सुटलं तरी त्यांच्या तोंडचा लोड काही सुटला नव्हता.

गावात गाड्या विकणारे एक शेठ होते. त्यांच्याकडे नव्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, आणि हा फिटर नंबर न लावताच गाडी घेऊन आलेला! उद्या सगळेच असं करू लागले तर दुकानात माशा मारायच्या काय? त्यांनी गावभर उठवलं, की ही गाडी नागपूरच्या उन्हात टिकणार नाही. दामूभाऊ पोट धरून हसले. "अरे, थे कुवेतहून आनली गा, चिखलदऱ्याहून नाही!"

पण दिवाळीनंतर क्लच प्लेट गेली आणि हसणं थांबलं. शेठनं मेकॅनिक लोकांना आधीच दम भरलेला, त्यामुळे गाडीला कुणी हात लावेना. स्पेअर पार्टच्या दुकानात उत्तर मिळालं, "जहाँ से गाडी लाए, वहीं से पार्ट लाओ."

दोन महिने गाडी उभी राहिली. दामूभाऊ ती रोज पुसत, पण कुणाला काही विचारत नसत. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, नंतर बघवेना. शेठची मुलगी माझ्या वर्गात होती, तेवढ्या ओळखीवर मी रदबदली करायला गेलो. शेठनं बराच विचार केला. क्लच प्लेट मिळवून देतो म्हणाले, पण स्टिअरिंग आमच्याच वर्कशॉपात उजवीकडे करून घ्यायचं. म्हणजे आणली तशी ही गाडी इथं चालत नाही, हा त्यांचाही शब्द राहील. मी तर खूशच झालो. पुन्हा कधी मान बाहेर काढून ट्रक बघायला नकोत!

दामूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही पायजे."

"अहो, काहून पण?"

ते गाडीत जाऊन बसले. सवयीनं मीही उजवीकडे बसलो.

"मास्तर, कुवेतमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. तिथं हे स्टेरिंग बराबर. बाजूले कोनी बसाची गरजच नाही. आठ वर्षं एकटाच फिरलो मी. तुमची वहिनी तिकडं येनार होती, तिचा पासपोर्ट बी काढला होता. मंग थेच राहिली नाही." त्यांनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "इथं आलो तं पयल्याच दिवशी समजलं, का मानूस बाजूले बसवल्याबिगर हे गाडी पुढं जात नाही. लय बरं वाटलं मले. आता थे उजवीकडे घेतलं, तं मी कोनाले बोलावू? अन् काहून येईन कोनी?"

मला माझीच लाज वाटली. त्यांना फाटकात उभं पाहून कितीदा मी मागच्या गल्लीनं शाळेत गेलो होतो.

संध्याकाळी शेठकडे जाऊन सांगितलं, की क्लच प्लेट आम्ही मुंबईहून मागवू, दामूभाऊ ती स्वतःच बसवतील आणि स्टिअरिंग आहे तिथंच राहील.

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "अरे मास्टरजी, उस तरफ से सामने का दिखता नहीं. अकेला आदमी चलाएगा कैसे?"

"एकटा कशाला?" मी म्हणालो. "मी बसतो ना बाजूला."